चकलीचं तेल

डमडमला, विमानतळाजवळच्या आमच्या इमारतीखाली भज्यांचं दुकान आहे. तिथलं तळून काळं झालेलं तेल न्यायला दर मंगळवारी एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून यायचे. डबा उघडला की आधी वास घ्यायचे, मग खांद्यावरच्या गमछ्याने डब्याचं तोंड पुसून झाकण घट्ट लावायचे. या तेलापासून आता विमानाचं इंधन करतात, हे मला त्यांनीच सांगितलं.

गेल्या दिवाळीत आईने इथे येऊन चकल्या तळल्या. उरलेलं तेल बाटलीत तसंच राहिलं आणि फाल्गुनात आई गेली. ते टाकून द्यायला हात धजेना. शेवटी एका मंगळवारी बाटली त्या तेल नेणाऱ्या गृहस्थांपुढे धरली. त्यांनी वास घेतला. "ओवा, तीळ. हे इकडचं तळण नाही," ते हिंदीत म्हणाले. मी आईचं सांगितलं. त्यांनी बाटली मला परत दिली आणि आपला डबा पुढे केला.

"तुम्हीच ओता. मोरीत गेलं असतं तर खाली गेलं असतं. हे वर जाईल."

आई विमानाला फार घाबरायची. दर वेळी दोन रात्री रेल्वेत काढून यायची.

आता डोक्यावरून विमान गेलं की माझा हात थांबतो. नीट बसली असेल ना, एवढंच मनात येतं.