अभनपुरच्या गाईचं शेण

आमच्या श्यामकांतकाकांनी एकोणतीस वर्षं शेण तपासलं. रायपूरच्या एका पशुदवाखान्याच्या प्रयोगशाळेत ते नोकरीला होते. शेणात कोणत्या कृमीची अंडी आहेत ते सांगणं हे त्यांचं काम, आणि जनावराच्या मालकाला झापणं ही हौस. तुमच्या बैलाला कृमी झाले नाहीत, तुम्हीच ते त्याला वाढलेत, असं ते वकिलालाही ऐकवत.

राज्य नवं झालं, राजधानी नवा रायपूरला जाऊ लागली, तशी प्रयोगशाळाही तिकडच्या रुंद रस्त्यांवर गेली. काका तेलीबांध्यातल्या घरून स्कूटरने जात. येताना वाटेतल्या जुन्या तळ्याच्या काठचं हिरवंगार गवत स्वतःच्या हाताने कापून आणत, कवडीसाठी. कवडी म्हणजे त्यांची गाय. विनोदिनीकाकूंनी तिला एवढीशी असल्यापासून वाढवलं होतं.

सातव्या महिन्याची गाभण असताना कवडी वाळू लागली. शेण पातळ, पापण्या आतून पांढऱ्याफटक. संध्याकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, सकाळी ओसरायची. आता गंमत अशी की काकांनी जन्मभर पाहिलं ते डबीतलं शेण. आजारी जनावर त्यांनी जवळून फारसं पाहिलंच नव्हतं.

"तिचं शेण तपासा नं," काकू म्हणाल्या.

"काहून? चरायला जाते का ती कुठं? मी स्वतः गवत आणून राहिलो. पोट वाढून राहिलं म्हणून सुकली. गूळ दे तिले."

काकूंनी चार दिवस गूळ दिला. पाचव्या दिवशी कवडी उठेना. गाय जाणार आणि पोटातलं वासरूही जाणार, म्हणून काकू गोठ्यात बसून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी एका डबीत शेण भरलं आणि मला हाक मारली. काकूंचं अक्षर काका ओळखतील म्हणून चिठ्ठी मी लिहिली : रामाधीन, अभनपुर. असा कोणी माणूस नव्हताच. डबी घेऊन गेला आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गुरांची ढेप विकणारा भैय्यालाल. पुढचं त्याने इतक्यांदा सांगितलंय की मला तोंडपाठ आहे.

काकांनी शेण पाण्यात कालवलं, चहाच्या गाळणीतून गाळलं, निवळू दिलं, वरचं पाणी ओतून पुन्हा पाणी घातलं. जड अंडी अशीच तळाशी बसतात. गाळात निळ्या रंगाचा थेंब टाकून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळ्यात पिवळीधमक अंडी, यकृतातल्या चपट्या कृमींची.

"ये रामाधीन गाय को तालाब किनारे की घास खिलाता है क्या?"

"हव साहब. रोज. बड़े प्यार से."

काका भडकले. तळ्यातल्या गोगलगायींतून या कृमींची पिल्लं निघतात आणि काठच्या गवताला चिकटून बसतात. गवताबरोबर गाईच्या पोटात, तिथून यकृतात. यकृत कुरतडतात, रक्त पितात. रक्तातलं सत्त्व गेलं की पाणी जबड्याखाली उतरतं. हे सगळं त्यांनी चढत्या आवाजात सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "किस गधे ने गाय पाली है! आज दवा दी तो बच जाएगी. वो है कहाँ?"

"तेलीबांधा में, साहब. आपके गोठे में."

काका खुर्चीवरून ताडकन उठले. मग गाभण गाईला चालणारं औषध घेऊन ते स्कूटरने असे सुटले की हेल्मेट टेबलावरच राहिलं.

गोठ्याच्या दारात त्यांनी बाटली पुढे केली. "विनोदिनी, हे मीच केलं. तू झाप मले."

"आधी औषध पाजा," काकू म्हणाल्या. "झापायले जन्म पडला आहे."

तिसऱ्या दिवशी कवडी उठली. पंधरवड्यात जबड्याखालची पिशवी गेली आणि आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काका तर त्या रात्री कित्येक दिवसांनी घोरले, असं काकू सांगतात.

दोन महिन्यांनी गोऱ्हा झाला, चांगला धडधाकट. काकूंनी त्याचं नाव ठेवलं रामाधीन. त्याच्यापुढे कोणी गवत टाकलं की काका आधी विचारतात, कुठून आणलं?