वजा केलेलं वर्तुळ

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत इस्त्रीचं एक लांब टेबल होतं. शाळेच्या शेवटच्या वर्षी, शेवटचे तीन महिने, रोज शाळा सुटली की त्या टेबलाभोवती सात टाळकी जमायची. आठवी मास्तरीण. खरं तर ती त्यांच्याच वर्गातली आणि त्यांच्याच वयाची. पण बोट नाचवत बोलायची आणि कुणाचं उत्तर चुकलं की टेबलावर हात आपटायची, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलं होतं. आपल्याला ते मुळीच आवडत नाही असं ती सगळ्यांना सांगायची. आवडायचं तिला.

ही शिकवणी मात्र तिने हौसेने घेतलेली नव्हती, तिच्या गळ्यात मारलेली होती. सराव परीक्षेत निम्मा वर्ग गणितात आडवा झाला, तेव्हा गणिताच्या सरांनी फतवा काढला की ज्यांना येतं त्यांनी ज्यांना येत नाही त्यांना शिकवावं. पाच हुशार, प्रत्येकाच्या वाट्याला सात. याला त्यांनी नाव दिलं ‘अभ्यासमैत्री’. दर शनिवारी ते वह्या मागवायचे, आत न बघता प्रत्येक पानावर लाल टिक मारायचे आणि चहाला निघून जायचे. आपलं ओझं पाच पोरांच्या डोक्यावर ठेवून माणूस इतका मोकळा कसा हिंडू शकतो, हे मास्तरणीला कधी कळलं नाही.

“दुसऱ्याला शिकवलं की आपलं पक्कं होतं,” सर म्हणायचे.

“त्यांच्या नादात तुझा अभ्यास कधी होणार?” आई म्हणायची. “तुझा पेपर ते सात जण येऊन लिहिणार आहेत का?”

आई पुढच्या खोलीत दिवसभर इस्त्रीपाशी उभी असायची. एकोणीस वर्षं उभी होती. तिच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा आता मोज्यातूनही दिसायच्या. मास्तरणीने फार पूर्वीच ठरवलं होतं, आपण काम करायचं ते बसून. तंत्रशाळेत ड्राफ्टिंगचा कोर्स होता. इमारतींचे, पुलांचे नकाशे काढायचे, उंच स्टुलावर बसून, दिव्याखाली. जागा चाळीस आणि प्रवेश गणिताच्या मार्कांवर. तिला दुसरं काही नको होतं. आणि नेमक्या याच तीन महिन्यांत तिच्या संध्याकाळी ही सात जणं खाऊन टाकत होती.

त्यांतही कहर म्हणजे ‘बरं’. या मुलीला काहीही सांगा, ती म्हणायची “बरं”. चुकलं म्हणा, बरं. पुन्हा कर म्हणा, बरं. सराव परीक्षेत तिला शंभरात अकरा पडले होते आणि ते ऐकूनही ती “बरं” म्हणाली असणार, याबद्दल वर्गात कुणाला शंका नव्हती.

पण ती पहिल्यापासून अशी नव्हती. सुरुवातीला ती विचारायची. फार विचारायची. हे इकडे का आलं, ते तिकडे का गेलं, इथे भागायचं का आणि गुणायचं का नाही. तिच्या एका ‘का’पायी अर्धा तास जायचा, बाकीचे सहा जण टेबलावर बोटांनी ठेका धरून बसायचे आणि मास्तरणीची तळपायाची आग मस्तकात जायची.

तो दिवस जोडलेल्या आकारांच्या गणितांचा होता. शाळेत ते शिकवलं तेव्हा मास्तरीण आईबरोबर चादरींचे गठ्ठे पोचवायला गेली होती, म्हणून तिने गाईडमधून घाईघाईत वाचून घेतलं. टेबलावर तिने स्टार्चचा रिकामा डबा ठेवला आणि त्यावर नरसाळं पालथं घातलं.

“हा दंडगोल, हा वर शंकू. बाहेरून रंग द्यायचाय. किती जागा रंगवावी लागेल? शंकूची वक्र बाजू घ्या, डब्याची वक्र बाजू घ्या, खालचा तळ घ्या. करा बेरीज. आता हे दोन आकार चिकटतात तिथलं वर्तुळ झाकलं जातं ना? वरून एकदा आणि खालून एकदा. म्हणून ते दोनदा वजा करायचं. झालं.”

सहा जणांनी माना डोलावल्या आणि लिहून घेतलं. सातवीने डबा उचलला, नरसाळं काढलं, डब्यात डोकावली, नरसाळं परत ठेवलं.

“पण आपण ते वर्तुळ धरलंच कुठे होतं?” ती म्हणाली. “बाजूच तर घेतल्या नुसत्या. जे मोजलंच नाही ते वजा का करायचं?”

बाहेर आई कुणा गिऱ्हाइकाशी हरवलेल्या शर्टावरून वाद घालत होती. घड्याळात सहा वाजून गेले होते. मास्तरणीचा स्वतःचा भूमितीचा पेपर सोडवायचा तसाच पडला होता.

“हे बघ,” मास्तरणीने टेबलावर हात आपटला. “का-बिका विचारू नकोस. डोकं चालवायचं काम माझं, हात चालवायचं तुझं. लिही.”

मुलीने तिच्याकडे बघितलं, मग वहीकडे. “बरं,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती तेवढंच म्हणायला लागली. दोनच आठवड्यांत सगळा वर्ग तिला ‘बरं’ म्हणायला लागला आणि मास्तरणीचा रोजचा अर्धा तास वाचला. वाचला म्हणून तिला केवढं हायसं वाटलं होतं.

गणिताच्या पेपरात सतराव्या प्रश्नाला खांब आला, वर शंकूची टोपी असलेला. चार मार्क. मास्तरणीने मान वळवून बघितलं नाही, पण हॉलमध्ये इकडेतिकडे बसलेले आपले सातही जण आत्ता डबा आणि नरसाळंच काढत असणार हे तिला ठाऊक होतं. तिला हसू आलं. सगळी कटकट वसूल झाली असं त्या घटकेला तिला वाटलं.

निकालाच्या दिवशी शाळेच्या फलकावर आठ जणांच्या नावापुढे मार्क नव्हते. ‘निकाल राखून ठेवला’ एवढंच होतं.

तपासणाऱ्याला एकाच केंद्रातल्या आठ पेपरांत एकच विचित्र चूक सापडली होती. दोन वर्तुळं वजा. तीच पायरी, त्याच जागी, तशीच आकृती काढून. अशी चूक आठ डोक्यांतून आपापली निघत नाही, एका पेपरातून सात पेपरांत उतरते, असं त्याने लिहून पाठवलं होतं. परीक्षा मंडळाचा माणूस गुरुवारी चौकशीला येणार होता आणि ड्राफ्टिंगच्या प्रवेशाची मुदत त्याच गुरुवारी पाच वाजता संपत होती.

मास्तरणीने वही उघडली, गाईड उघडलं, पुन्हा वही. गाईडमधली पद्धत वेगळी होती. तिथे आधी दोन्ही आकार झाकणांसकट पूर्ण धरले होते, म्हणून मग झाकलेली वर्तुळं वजा केली होती. तिने मोजल्या नुसत्या बाजू, आणि वजा मात्र गाईडमधलं केलं. चूक तिचीच होती. घोडचूक.

आईने सगळं ऐकून घेतलं, इस्त्री उभी ठेवली. “मी तुला काय सांगत होते?”

“आई, आत्ता नको.”

“आत्ता नको तर कधी? सात जणांचं ओझं घेतलंस, आता तुझंच बुडायची पाळी आली. कॉपी! माझ्या पोरीवर कॉपीचा आळ! आणि ते तुझे सर कुठे आहेत?”

सर गुरुवारी हजर होते. मंडळाच्या साहेबांशेजारी घाम पुसत बसले होते. मुलांनी वह्या आणल्या होत्या. साहेबांनी एकेक वही उघडली. सगळीकडे डबा, सगळीकडे दोन वर्तुळं, आणि खाली लाल टिक.

“ही टिक तुमची? परीक्षेच्या आधीची?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. हो म्हणायचं तर चुकीच्या गणितावर आठ वेळा बरोबरची खूण केल्याचं कबूल करावं लागणार होतं. “आता नक्की नाही सांगता येणार,” ते म्हणाले. “वह्या फार असतात.”

“मग वह्यांचा काय उपयोग? वह्या काय, कालही लिहिता येतात.” साहेबांनी वह्या बाजूला सारल्या. “सगळ्यात कमी मार्क कुणाला? तिला आधी पाठवा. कॉपी केली असेल तर तिलाच सांगता येणार नाही.”

बोलावणं ‘बरं’ला आलं. सातांतून नेमकी हीच! ती आत जाणार, बरं म्हणणार, आणि सगळं संपणार. घड्याळात अडीच वाजले होते.

बाकीच्यांना शेजारच्या खोलीत बसवलं. मधली फळ्यांची भिंत छतापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. साहेबांनी एक नवीन आकृती काढून दिली. पेन्सिलचा आवाज आला, मग मुलीचा.

“शंकूची बाजू घ्यायची. डब्याची बाजू घ्यायची. तळ घ्यायचा. मग मधलं वर्तुळ दोनदा वजा.”

“दोनदा का?”

“वरून एकदा झाकलं जातं आणि खालून एकदा.”

“पण ते तू धरलं होतंस कुठे?”

“नव्हतं धरलं. मी तेच विचारलं होतं.”

“कुणाला?”

“तिला. लॉन्ड्रीत. डबा उघडून पण बघितला मी. म्हटलं, जे मोजलंच नाही ते वजा का करायचं? तर ती म्हणाली, हे बघ,” आणि पलीकडे टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला, “का-बिका विचारू नकोस. डोकं चालवायचं काम माझं, हात चालवायचं तुझं. लिही.”

साहेब मोठ्याने हसले. इकडे बाकावर दोघं-तिघंही फिसकन हसले, कारण हुबेहूब मास्तरीणच होती ती, आवाजासकट. एकटी मास्तरीण हसली नाही. तिचे कान तापले होते. मुलगी चहाडी करत नव्हती. आपल्याला कसं शिकवलं ते ती फक्त प्रामाणिकपणे सांगत होती.

“हे शिकवलेलंच आहे,” साहेब सरांना म्हणाले. “कॉपी करणारा असं नाही सांगू शकत. बाकीच्यांना बोलवायची गरज नाही. निकाल मोकळे करा.”

चार वाजता मार्क हातात आले. सतराव्या प्रश्नात आकृतीचा एक मार्क सगळ्यांना मिळाला होता, तीन गेले होते. मास्तरणीला एक्याण्णव. ती धावतपळत तंत्रशाळेत पोचली आणि पाचला दहा कमी असताना तिचा अर्ज घेतला गेला. चाळिसांत अडतिसावी.

‘बरं’ला तेहतीस होते. पास व्हायला पस्तीस लागायचे.

पुढचे चार दिवस मास्तरीण घरात सगळ्यांवर डाफरत होती. आईवर, भांड्यांवर, न लागणाऱ्या दारावर. सरांचा तर तिला इतका राग आला होता की शाळेवरून जायचा रस्ताच तिने सोडला. पण सरांना कितीही शिव्या दिल्या तरी तो डबा काही डोळ्यांपुढून हलत नव्हता. डबा तिने ठेवला होता आणि ‘बरं’चं तोंडही तिनेच बंद केलं होतं. प्रवेशाची पावती टेबलाच्या खणात होती आणि तिला ती बाहेर काढून बघावीशी वाटत नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी ‘बरं’ लॉन्ड्रीत आली, हातात फेरपरीक्षेचा फॉर्म घेऊन. आईने मास्तरणीकडे बघितलं आणि मागच्या टेबलावरच्या चादरी उचलून पुढे नेल्या.

“दोन महिन्यांनी आहे,” मुलगी म्हणाली. “शिकवशील?”

“माझ्याकडे कशाला आलीस?” मास्तरीण वसकन ओरडली. “माझ्यामुळेच नापास झालीस ना?”

“हो,” मुलगी म्हणाली. त्या डब्याच्या दिवसानंतर मास्तरणीला तिने पहिल्यांदाच ‘बरं’ सोडून दुसरं उत्तर दिलं होतं. “ते गणित मला येत होतं. मी तुझं ऐकलं नसतं तर ते बरोबर आलं असतं.”

मास्तरणीने तिच्या हातातला फॉर्म घेतला आणि त्याची घडी बोटाने सपाट केली.

“पण तेवढं एकच येत होतं,” मुलगी पुढे म्हणाली. “आधी अकरा होते मला. बाकीचे सगळे मार्क तू शिकवलेल्याचे आहेत. दुसऱ्या कुणाकडे जाऊ?” तिने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. “फक्त या वेळी मी विचारणार.”

“विचार.”

“कितीही वेळ लागला तरी?”

“म्हटलं ना विचार!”

मुलीने वहीचं अगदी पहिलं पान उघडलं आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. “वजाला वजाने गुणलं की अधिक येतं, असं तू सांगितलं होतंस. का येतं?”

मास्तरणीने ओळ वाचली. पुन्हा वाचली. ही गोष्ट तिने आजवर हजार वेळा केली होती, पण कधी कुणाला विचारली नव्हती. राग नाकापर्यंत आला, हात टेबलावर आपटायला वर उचलला गेला, तो तिने तसाच खाली घेतला.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसली.