करडे चौकोन

माझी मोठी जाऊ जन्माची भित्री. घरात तिला सगळे भागूबाई म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटतही नाही. पालीला भिते, लिफ्टला भिते, फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवते आणि मग उचलते. थोरले भाऊजी म्हणतात, "बघायला गेलो तेव्हा मला वाटलं लाजतेय. लग्नानंतर कळलं, घाबरली होती."

अशी ही बाई एका वृद्धाश्रमात दारावरच्या टेबलाशी बसते. बाहेर कोणी आलं की काचेतून बघायचं, कोण, कशाला ते विचारायचं आणि टेबलाखालचं बटण दाबून गेट उघडायचं, हे तिचं मुख्य काम. ती एकच प्रश्न तीनदा विचारते, म्हणून दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिच्यावर वैतागलेले असतात. पण तिच्या पहाऱ्यात आजवर कधी नको तो माणूस आत आला नव्हता, की आतलं कोणी बाहेर गेलं नव्हतं.

टेबलावरचा कॉम्प्युटर मध्यंतरी बंद पडला. आमचे हे कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी एका जुन्या डब्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून तो तिच्याकडे नेऊन बसवला. पहिले काही दिवस ती त्याला हात लावायला तयार नव्हती.

"भावजी, माझ्या हातून काही बिघडलं तर?"

"वहिनी, हा बिघडवायला अक्कल लागते. तुम्ही निर्धास्त राहा."

तेव्हा ती हसली होती.

त्या दिवशी जेवणं आटोपली होती. ह्यांच्यासमोर कोणाचा तरी लॅपटॉप उघडा पडला होता, म्हणून जाऊबाईंचा फोन आला तो मी स्पीकरवर टाकला. 

"भावजी," ती म्हणाली, "आजी नाहीत."

कुठल्या आजी, हे आम्हाला सांगावं लागलं नाही. आयुष्यभर शिलाई करून चार मुलांना वाढवलेल्या त्या टेलर आजी. डोक्यातलं बहुतेक सगळं पुसून गेलेलं, पण बोटं विसरली नव्हती. कोणी भेटायला आलं की त्याच्या बाहीची शिवण चाचपून म्हणायच्या, "उसवलीय. काढून ठेव, संध्याकाळी घेऊन जा." दिवसातला निम्मा वेळ त्या जाऊबाईंच्या टेबलाशेजारी बसून तिच्या ओढणीचा काठ दुमडत असायच्या.

त्यांचं ताट तसंच झाकलेलं सापडलं होतं. खोली, संडास, गच्ची, सगळं बघून झालं. सेवा करणाऱ्या बायका रस्त्यावर पळाल्या होत्या, स्वयंपाकी कालव्याकडे गेला होता, मॅनेजरबाई पोलिसांकडे. जाताजाता त्या जाऊबाईंना एवढंच सांगून गेल्या होत्या, "तू कॅमेरे बघ."

"मी दाबलं असेल का हो बटण?" ती विचारत होती. "औषधवाला आला होता. मी गेट उघडलं आणि तेवढ्यात फोन आला. मी मान खाली घातली होती. त्याच्या मागून आजी गेल्या असतील का? मला आठवतच नाही. भावजी, कालव्याला पाणी सोडलंय."

"आधी बसा. कॅमेऱ्यांचं फोल्डर उघडलंत का?"

उघडलं होतं, तीच तर पंचाईत होती. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर मॅनेजरबाईंच्या खोलीत, वायरने ह्या कॉम्प्युटरला जोडलेला. तो सगळ्या कॅमेऱ्यांचे लहान लहान तुकडे एकाच फोल्डरमध्ये टाकतो. आदल्या दिवशी वीज गेली आणि त्याचं घड्याळ भरकटलं, त्यामुळे फायलींच्या नावांवरून ना वेळ कळे ना कॅमेरा. आले तसे एकाखाली एक लागलेले लांबलचक आकडे आणि प्रत्येकावर तोच करडा चौकोन, त्यात फिल्मच्या पट्टीचं चित्र. स्क्रीन खाली सरकवत जावं तरी संपत नव्हते. एकेक उघडून बघायचं तर संध्याकाळ झाली असती.

"थंबनेल चालू करू," हे म्हणाले. "प्रत्येक व्हिडिओतलं एक चित्र बाहेरच दिसेल. मग कुठला गेटचा, कुठला व्हरांड्याचा, नुसत्या नजरेनं कळेल. वर तीन आडव्या रेघा दिसतात? त्यात प्रेफरन्सेस."

ती दिसेल ते वाचून दाखवत होती. थंबनेलच्या ओळीत 'फक्त ह्या कॉम्प्युटरवरच्या फायली' असं निवडलेलं होतं. रेकॉर्डर हा वेगळा डबा, म्हणून त्याच्या फायलींना कॉम्प्युटर हात लावत नव्हता. तिथे 'सगळ्या फायली' करायला लावलं. खाली फाइल केवढी मोठी चालेल ह्याची मर्यादा होती, तीही वाढवली.

"झालं?"

"करडेच आहेत."

ह्यांनी कपाळावर हात मारला. व्हिडिओतून चित्र काढणारा छोटा प्रोग्रॅमच त्यांनी तिथे टाकलेला नव्हता. आता कॉम्प्युटरला हुकूम लिहायची काळी खिडकी उघडून, ते एकेक अक्षर सांगणार आणि ती लिहिणार. लिहून झाल्यावर कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला.

"भावजी, उमटत नाहीये!" तिचा आवाज चिरकला. "मी दाबतेय आणि काहीच उमटत नाहीये. बंद पडला. माझ्यामुळे बंद पडला."

"उमटत नसतोच तो, वहिनी. लपवलेला असतो. आंधळेपणाने पुरा लिहा आणि एंटर मारा."

दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. ओळी धावायला लागल्या तशी ती पुन्हा घाबरली, मग थांबल्या म्हणून घाबरली. बाहेरून कोणाची तरी हाक ऐकू आली, आजींच्या नावाची, लांब रस्त्यावरून. हाकेला ओ आली नाही.

"आता फोल्डर उघडा."

"करडेच आहेत हो." ती रडत होती.

मला ह्यांचा चेहरा दिसत होता. तिथे घामाचे थेंब आले होते, पण आवाज त्यांनी चढू दिला नाही. आधी जमलं नाही हे कॉम्प्युटर मनात धरून ठेवतो, पुन्हा प्रयत्नच करत नाही, असं त्यांनी समजावलं. लपलेली फोल्डरं दाखवायला लावली, त्यात आत जाऊन थंबनेलच्या फोल्डरमधलं 'फेल' नावाचं फोल्डर काढून टाकायला सांगितलं.

"काढून टाकू? डिलीट? आणि आजींचा व्हिडिओ त्यात असला तर?"

"नाही त्यात. माझ्यावर विश्वास आहे ना?"

 बटण दाबल्याचा आवाज आला. फाइल मॅनेजर पूर्ण बंद करून पुन्हा उघडला, आणि मग पलीकडून एक विचित्र उसासा ऐकू आला.

"येताहेत. वरून एकेक येताहेत."

करडे चौकोन उजळत चालले होते. ती पुटपुटत होती. व्हरांडा. व्हरांडा. गेट, बंद. जेवणाची खोली. गेट, औषधवाला, आणि त्याच्या मागे... "कोणी नाही. भावजी, त्याच्या मागे कोणी नाही!"

"ते एका क्षणाचं चित्र आहे, वहिनी. पुढचं बघा."

पुढचं बंद गेट, त्याच्या पुढचंही. तिचा श्वास जरा खाली बसला असेल नसेल, तोच माऊसचा आवाज थांबला.

"वहिनी?"

"मागचं अंगण," ती म्हणाली. "टाकी."

त्या अंगणात जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी आहे, तिच्यावर लोखंडी झाकण. वरच्या चित्रांत झाकण जागेवर होतं. मग एका चित्रात ते बाजूला पडलेलं, आणि त्या जागी काळं भोक. पुढच्या चित्रात भोक. त्याच्या पुढच्या चित्रात भोक. माणूस कुठेही नाही.

"मी नाही उघडणार हा व्हिडिओ," ती म्हणाली. "मला नाही बघायचं. कोणाला तरी येऊ दे, ते बघतील."

 टाकीत कोणीतरी बघायला हवं होतं हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही, पण त्या आश्रमात तेव्हा अंथरुणाला खिळलेले म्हातारे आणि ती, एवढेच होते. मी फोन ओढून घेतला.

"जाऊबाई, मी आहे."

"तू बोलत राहा," ती म्हणाली. "काहीही बोल. थांबू नकोस."

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. दूध तापत ठेवलंय, शेजारीण पुन्हा बादली मागून घेऊन गेलीय, परत देईल असं दिसत नाही, असलं काहीतरी.  पलीकडे माऊस दोनदा वाजला.

"नळवाला," ती म्हणाली. "नळवाला पहारीनं झाकण काढतोय. टॉर्च मारतोय आत. गेला, काहीतरी आणायला गेला." आणि मग किंचाळली. "आजी!"

आजी स्वयंपाकघराच्या दारातून अंगणात आल्या होत्या. सरळ टाकीकडे चालत. काठाशी थांबल्या, वाकून आत बघितलं. जाऊबाई "नको, नको, नको" म्हणत राहिली, जणू पडद्यावरच्या बाईला ऐकू जाणार होतं. आजींनी पाऊल उचललं, आणि टाकीला वळसा घालून पलीकडे गेल्या.

पलीकडे धुलाईवाल्याची बंद टेम्पोगाडी उभी होती. चादरींची गाठोडी भरायला दार उघडं. ती गाडी मघाच्या चित्रांतही कोपऱ्यात होती, पण त्या काळ्या भोकापुढे जाऊबाईंना दुसरं काही दिसलंच नव्हतं. आजींनी एका चादरीचा काठ हातात घेतला, शिवण निरखली, दुसरीचा घेतला आणि हळूहळू गाठोड्यांवरून आत चढल्या. ड्रायव्हर आला, त्यानं न बघता दार लावलं आणि गाडी मागच्या फाटकानं गेली.

"उन्हात असेल ती गाडी," ती म्हणाली. "बंद पत्र्याची."

तिनं मोबाइल टेबलावर तसाच ठेवला आणि आश्रमाच्या फोनवरून धुलाईवाल्याला लावला. आम्ही कान देऊन होतो. फोन बराच वेळ कोणी उचलेना. उचलला त्यानं सांगितलं, गाडी आवारात उभी आहे, माल संध्याकाळी उतरवतो, किल्ली ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हर जेवायला घरी गेलाय.

"कुलूप फोडा," ती म्हणाली. आवाज इतका कापत होता की त्या माणसाला कळलं नाही. "अहो, आत माझी म्हातारी आहे! फोडा म्हणते ना!"

मग दोन फोनांमधून झिरपत आलेले घणाचे ठोके. मग काहीच नाही. हे उठून उभे राहिले होते. दूध उतू जाऊन वास सुटला होता, तरी मी हलले नाही.

"आहेत," असं कोणीतरी म्हणालं. "श्वास चाललाय. पाणी आणा रे!"

आजी दवाखान्यात बरेच दिवस होत्या. पहिले दोन दिवस डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. परत आल्या त्या अगदी चिपाड होऊन, पण आल्या. अंगणाच्या दाराला आता वेगळी कडी आहे, आणि नळवाल्याला मॅनेजरबाईंनी जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जाऊबाईंचं कौतुक झालं, तेव्हा ती घरी तापानं फणफणून पडली होती. झोपेत दचकायची. थोरले भाऊजी उशाशी बसायचे, चेष्टा न करता.

आजींचा मोठा मुलगा परगावी असतो. तो आला तेव्हा म्हणाला, "मला तो व्हिडिओ बघायचाय." सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं, तो ऐकेना. दाखवायचं काम जाऊबाईंकडेच आलं. आजी टाकीशी थांबल्या तेव्हा तिनं खुर्ची घट्ट धरली. मुलगा मात्र त्यानंतर पुढे वाकला, आई चादरीचा काठ बघत होती तिथे.

"कापड असंच धरायची," तो म्हणाला. "अंगठा खाली. आम्हाला शाळेचे सदरे घालायला द्यायच्या आधी." मग गाडीचं दार लागलं तसं, "पुन्हा लावता का?"

पुन्हा म्हणजे टाकीपासून. जाऊबाईंनी डोळे मिटले आणि पुन्हा लावलं.