उजवीकडचा खालचा कोपरा

रघुजींची एक फुशारकी साऱ्या बोळाला पाठ होती. "दोन डोळेवाले एकदा बघतात, मी दोनदा बघतो." ऐकणारा आधी हसायचा आणि मग ओशाळायचा, कारण रघुजींचा डावा डोळा खरोखरच कामातून गेलेला होता. ऐन तरुणपणी ते पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात ग्राइंडिंगच्या मशीनवर होते. चष्मा लावायचा कंटाळा केला आणि लोखंडाचा कण डोळ्यात घुसला. तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. दुसरा कुणी हातपाय गाळून बसला असता. रघुजींनी आधी रेडिओ उघडले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, आणि एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात, एका बोळात दुकान थाटलं. दुकान कसलं, तीन माणसं आली की चौथ्याने रस्त्यात उभं राहायचं.

माणूस हट्टी होता, आणि कामात त्याहून हट्टी. त्यांची एक रीत होती. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदला, बघा. बिघाड गेला तर केबल दोषी. नाही गेला तर केबल परत लावा आणि पुढचा भाग घ्या. सगळं एकदम उसकटून ठेवणाऱ्यांची त्यांना चीड होती. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता आणि बायकोच्या सांगण्यावर तर त्याहून नव्हता. स्वतःच्या डोळ्याने बघेन तेच खरं, असा कारभार. मशीन ठीक आहे हे त्यांना पटल्याशिवाय ते कुणाला नेऊ देत नसत, मग गिऱ्हाईक दारात आदळआपट का करेना.

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात रघुपती आपलं कॉम्प्युटरचं मशीन घेऊन आला. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारा, हौशी, जरा तापट पोरगा. त्याच्या मेव्हण्याने सिंगापूरहून दोन थ्री-डी कार्डं आणून दिली होती. नेहमीचं कार्ड होतंच. ही दोन फक्त खेळांसाठी. दोन्ही कार्डं आतून एका पट्टीने जोडायची, मग स्क्रीनवरच्या ओळी ती आपसांत वाटून घेतात, एक ओळ याची, पुढची त्याची. साऱ्या बोळात असं मशीन कुणी पाहिलं नव्हतं. शेजारपाजारचे दुकानदार नवरीमुलगी बघायला यावं तसे डोकावून गेले.

"अण्णा, गाड्यांचा खेळ सुरू केला की सगळं काळं होतंय," रघुपती म्हणाला. "कधी चित्र येतंय, पण एकाआड एक ओळ गायब."

"सरी, ठीक आहे. ठेवून जा. स्वल्प वेळ लागेल."

हा बिघाड रघुजींनी लीलया काढला. रघुपतीने आधीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, न काढताच त्यावर नवा टाकला होता, आणि दोन ड्रायव्हरांच्या भांडणात दुसऱ्या कार्डाला कुणी विचारतच नव्हतं. जुनं सगळं पुसलं, कार्डांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, पट्टी पुन्हा घट्ट बसवली, एकच ड्रायव्हर घातला. गाडी झोकात धावू लागली. रघुजी खूश झाले.

आणि तेवढ्यात त्यांना उजवीकडचा खालचा कोपरा दिसला, म्हणजे दिसला नाही. तिथे राखाडी सावली होती. त्यांनी नजर तिकडे वळवली तर कोपरा स्वच्छ. पुन्हा मधल्या गाडीकडे बघितलं तर सावली हजर. हे बघून रघुजींच्या कपाळाला आठी पडली. बघायला गेलं की लपणारा बिघाड हा बिघाडांतला सर्वांत बेरकी, हे त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

कार्डाचा दोष म्हणावा तर ओळी गळायला हव्यात, कोपरा कसा गळेल? त्यांनी मागची केबल बदलली. सावली होती. मॉनिटर बदलला. होती. एकेक कार्ड काढून बघितलं, ड्रायव्हर आणखी दोनदा घातला. होतीच. शिवाय संध्याकाळी दिवे लागायच्या आधी स्क्रीनच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. अर्थिंग गेलं असणार म्हणून त्यांनी मागच्या खड्ड्यात मीठ टाकून बादलीभर पाणी ओतलं. वीज चमकायची थांबली नाही.

रघुपती चकरा मारून कंटाळला. एकदा त्यांच्या शेजारी बसून त्याने अख्खी शर्यत खेळून दाखवली. "सगळं चोख दिसतंय की अण्णा. द्या की आता."

"तुला दिसत नाही. कोपरा बघ."

"बघितला. काही नाही तिथं." तो थांबला. मग आवाज बदलून म्हणाला, "कार्डं माझीच आहेत ना आत? बदलली नाहीत ना?"

आजवर रघुजींना तिरसट म्हणणारे पुष्कळ भेटले होते. चोर म्हणणारा हा पहिलाच. रघुपती तणतणत निघून गेला, आणि रघुजींनी रागाच्या भरात ठरवलं की आता हा बिघाड शोधल्याशिवाय जेवायचं नाही.

त्यांनी दुकानातलं स्वतःचं जुनं मशीन सुरू केलं. त्यात ना थ्री-डी कार्ड, ना खेळ. हिशेबाचा पांढरा पडदा उघडला. उजवीकडे खाली तीच सावली होती, आणि कालच्याहून मोठी.

त्या वर्षी वायरसच्या नावाने सगळ्या एस. पी. रोडला धडकी भरली होती. रघुजींचं डोकं तिकडेच धावलं. रघुपतीच्या ड्रायव्हरच्या सीडीतून रोग आला आणि आपल्या मशीनला लागला. स्वतःला दोनदा बघणारा म्हणवणाऱ्या माणसाला एवढंही सुचू नये की वायरस मॉनिटरचा कोपरा खात नसतो! पण घाबरलेल्या माणसाची अक्कल अशीच चालते. त्यांनी मशीन साफ पुसलं, सगळं पहिल्यापासून भरलं. सावली जागची हलली नाही.

दुपारी त्यांची बायको अंबूबाई डबा घेऊन आल्या. नवरा जेवायला घरी येत नाही, कुणाशी धड बोलत नाही, म्हणून आज त्या स्वतःच बसने आल्या होत्या.

"अहो, ते असू दे, आधी जेवा. हा घ्या डबा."

रघुजींनी मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "कुठाय डबा?"

"हा काय हातात. समोर धरलाय की."

रघुजींना बायकोचं तोंड दिसत होतं, कुंकू दिसत होतं, डावा खांदा अर्धा दिसत होता. त्याच्या खाली हात नव्हता. त्यांनी नजर खाली केली. हात आला, हातात डबा आला. नजर पुन्हा तोंडाकडे नेली. हात गेला, डबा गेला.

"अहो, असं काय बघताय?" अंबूबाई घाबरल्या.

रघुजी मनातल्या मनात आपली रीत पुन्हा चालवत होते. केबल बदलली होती. मॉनिटर बदलला होता. कार्डं, ड्रायव्हर, शेवटी अख्खं मशीन बदललं होतं. या सगळ्यात न बदललेली एकच गोष्ट उरत होती, आणि ती खुर्चीवर बसलेली होती. उजवा हात आपोआप उजव्या डोळ्यावर गेला आणि दुकान, बोळ, बायको, सगळं एका धूसर उजेडात बुडालं. हा डोळा गेला तर उरणार ते हे. अंबूबाईंनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि रिक्षात घातलं.

डोळ्यांच्या इस्पितळात डॉक्टर नीला यांनी बराच वेळ आत उजेड टाकून तपासलं. मग त्यांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटत चालला आहे, मधोमध पोचायच्या आत आजच ऑपरेशन करावं लागेल.

"किती दिवस झाले सावली दिसून?"

"आठवडा झाला असेल," रघुजी म्हणाले.

"आठवडा? आणि कडेला वीज चमकत नव्हती?"

"चमकत होती. मी अर्थिंगमध्ये पाणी ओतलं."

डॉक्टरीणबाईंनी अंबूबाईंकडे बघितलं. त्यांना हसावं की रागवावं कळेना. पहिल्या दिवशी आला असता तर नुसत्या लेसरने भागलं असतं, असं त्या हळूच म्हणाल्या. ते ऐकून रघुजींना जो धक्का बसला तो डाव्या डोळ्यात लोखंड घुसलं तेव्हाही बसला नव्हता. तो अपघात होता. इथे आठवडाभर ते बिघाडाकडे बघत होते आणि बिघाडाच्या आतूनच बघत होते. "माझा एकच आहे हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "मला तो एकच आहे." अंबूबाई तोंडाला पदर लावून रडल्या.

डोळा वाचला, पण सगळा नाही. पट्टी सुटल्यावर रघुजींना मधलं नीट दिसू लागलं, उजवीकडचं खालचं मात्र कायमचं गेलं. आतला पडदा जागी चिकटावा म्हणून कितीतरी दिवस पालथं पडून राहावं लागलं. दुकान बंद राहिलं. उघडलं तेव्हा पहिला आला तो रघुपती. त्याला सगळं कळलं होतं. दारातच खाली मान घालून उभा राहिला आणि "चुकलं माझं, अण्णा," एवढंच म्हणाला. रघुजींनी त्याला आत बसवलं.

मशीन जोडलं, खेळ सुरू केला. दोन्ही कार्डांनी जोर लावला, गाडी सुसाट निघाली. रघुजी खुर्चीवर पुढे सरकून बघत होते, जबडा आवळून. सवयच तशी. रघुपतीची घाई करायची छाती नव्हती. मग रघुजींनी, आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं ते, मागे उभ्या असलेल्या बायकोला विचारलं.

"अंबू, उजवीकडे खाली काय दिसतंय?"

अंबूबाई वाकून बघू लागल्या. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. "रस्ता आहे. कडेला गवत आहे. एक लाल पाटी गेली आत्ता."

"नीट बघ. काळं कुठं?"

"काळं काही नाही हो. सगळं आहे तिथं."

रघुजींना तिथे काहीच दिसत नव्हतं. त्यांनी मशीन बंद केलं, वायरी गुंडाळल्या आणि ते रघुपतीच्या हवाली केलं.