मेलेला टेलर आणि चौथं बेअरिंग

कारणसाहेबांनी टेलरमास्तरांना मारून टाकलं, ते निव्वळ आळसापोटी.

साहेबांचं काम असं की, एखादं अल्पवयीन पोर गुन्ह्यात सापडलं की त्याच्या घरी जायचं आणि ते का बिघडलं याचं कारण शोधून अहवाल बाल न्याय मंडळाला द्यायचा, म्हणून गल्लीत ते कारणसाहेब. कॉलेजात त्यांनी गुन्ह्याची कारणं घोकून ठेवली होती. मोडकं घर, गरिबी, वाईट संगत, वस्ती. त्यानंतर डोक्यात पाचवं काही शिरलं नाही. पोर कुठलंही असो, जुना अहवाल काढायचा, नाव बदलायचं, झालं! टेलरमास्तरांच्या पोराच्या वेळी नाव बदललं, पण खालची ओळ तशीच राहिली : 'वडील हयात नाहीत. पितृछत्र हरपल्याने मुलगा भरकटला.'

मंडळाच्या मॅडमनी ती मोठ्याने वाचली, तेव्हा मागच्या बाकावरून गळ्यात टेप अडकवलेला एक माणूस उठला.

"मॅडम, मी बसू की जाऊ?"

"आपण कोण?"

"हरपलेलं छत्र."

शिपाई तोंडावर फाईल धरून हसला. मास्तरांनी लगेच पुढचा टाका घातला, "गेल्या सोमवारी साहेबांनी याच मयताकडून पँट कमरेत सैल करून घेतली. आत्ता अंगावर आहे, तीच."

साहेब टेबलाआड सरकले. पण मास्तरांना ही नुसती थट्टा परवडणारी नव्हती. बापच नाही असं ठरलं असतं, तर पोराची रवानगी थेट निरीक्षणगृहात होती.

गुन्हा काय, तर बंद पडलेल्या वर्कशॉपच्या भिंतीवरून तीन पोरं आत उतरली आणि उतारावर सोडायच्या गाड्यासाठी चार जुनी बेअरिंगं उचलली. पोलिसांनी तिघांनाही धरलं. एकाच्या औषधवाल्या मामाची ठाण्यात ऊठबस. भाचा लगेच मामाच्या स्कूटरवर बसला. दुसऱ्याचे वडील आले, "पोरं आहेत हो, खोड्या करणारच," म्हणाले, चहा प्यायले, पोराचा कान पिळला आणि त्याला घरी घेऊन गेले. हे वडील म्हणजे आपले कारणसाहेब. मास्तर तेव्हा गणवेशांची ऑर्डर पोचवायला गेले होते. ते धावत ठाण्यात पोचेपर्यंत त्यांचं पोर रीतसर गुन्हेगार झालं होतं. आणि ते का बिघडलं हे शोधायला नेमणूक कोणाची, तर साहेबांची!

"बरं, वडील आहेत," मॅडम म्हणाल्या. "मग कारण काय?"

"गरिबी," साहेब म्हणाले.

"तीन मशिनी आहेत माझ्या," मास्तर म्हणाले.

"मग वस्ती. त्या गल्लीचं वातावरणच तसं आहे, मॅडम."

"साहेब माझ्या समोरच राहतात."

"मग संगत," साहेब बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"कोणाची संगत?"

मास्तरांनी पोराकडे बघितलं. पोराने तोंड उघडलं. ते काही बोलायच्या आत साहेब घाईघाईने म्हणाले, "मॅडम, घर उत्तम आहे! मी स्वतः बघितलंय. मुलाला वडिलांच्याच ताब्यात द्यावं."

"देऊ. पण बेअरिंगं चार गेली, सापडली तीन. चौथं कुठाय?"

"मी... मी शोधून जमा करतो."

"ते आलं की प्रकरण बंद. तोवर पोराच्या नावावर राहील."

पोर त्याच दिवशी बापाबरोबर घरी आलं. चौथं बेअरिंग साहेबांच्या चिरंजीवांच्या गाड्याला पुढे बसवलेलं आहे, मागे जुन्या खेळण्याची चाकं. साहेबांनी एकदा पाना हातात घेतला होता, पण चिरंजीवांनी असा गळा काढला की साहेबीणबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, कोणाचं अडलंय त्यावाचून?"

रोज शाळा सुटली की तो गाडा मास्तरांच्या दुकानासमोरून खडखडत उतारावर जातो. पायरीवर बटणं लावत बसलेलं मास्तरांचं पोर मान वर करून बघतं. साहेब समोरच्या दारात दिसले, तर मास्तर मशीन थांबवतात.

"काय साहेब, कधी जमा करताय?"

"या आठवड्यात नक्की, मास्तर," सैल झालेली पँट वर ओढत साहेब म्हणतात आणि आत जातात.