पिंडावरचे फुलपाखरू

आमच्या घराण्यात इंग्रजी शिकलेला मी पहिला. वडील कल्याणच्या बाजारात भाताची पोती उतरवून घेत आणि सहीच्या जागी अंगठा देत. मी बी.ए. झालो तो कॉलेजातल्या एका साहेब प्राध्यापकांच्या कृपेने. त्यांच्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली मी अभ्यास केला. त्यांना फुलपाखरांचा नाद होता. पदवीबरोबर तो मलाही लागला. ठाण्याच्या शाळेत मास्तर झाल्यावर मच्छरदाणीच्या कापडाची जाळी कळकाच्या काठीला बांधून मी दर रविवारी रानात हिंडे. बायको म्हणे, "कुणी विचारलं तर मासे धरायला जातो म्हणा. निदान लोकांना समजेल तरी."

साहेबांना एक फुलपाखरू आमच्या भागातून कधी मिळाले नव्हते. पंख मिटले की ते देठासकट वाळके पान दिसते. उघडले की आत गर्द निळे आणि त्यावर नारिंगी पट्टा. साहेब आता कायमचे विलायतेला निघाले होते. त्यांचा संग्रह तिकडच्या एका संग्रहालयात जायचा होता, आणि त्यात प्रत्येक टाचणीखाली एक चिठ्ठी असे: गावाचे नाव आणि धरणाऱ्याचे नाव. आमचे आडनाव विलायतेत पोचावे एवढीच माझी इच्छा होती. वडिलांना सांगितले तर ते म्हणाले, "तिथं वाचणार कोण आपल्याला?" आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारात सांगून आले.

साहेबांची बोट सुटण्याआधीचा तो शेवटचा रविवार. कोलशेतची झाडी पालथी घालून मी बाळकुमच्या खाडीवर उतरलो. बांधावर मिठागरात काम केलेल्या एका म्हाताऱ्याचा दहावा चालला होता. पिंड मांडलेला होता, भटजी बसले होते, कावळे समोरच्या तिवरांवर बसले होते आणि कोणीच हलत नव्हते. पुढे जायला वाट तिथूनच, म्हणून मी अदबीने लांब थांबलो.

थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "बापूस, धाकटीचा लगीन मी लावीन." कावळे गप्प. "होडीला डांबर लावीन." गप्प. "बरं, काकाशी बांधावरून भांडनार नाय." एक कावळा उडाला, पण उलट्या दिशेला.

म्हाताऱ्याचा भाऊ वैतागून उठला. "जन्मभर ताडी पिला माझा दादा, आन् तू त्याला कोरडा भात देतंस?" त्याने कमरेच्या भोपळ्यातली ताडी पिंडावर ओतली. भटजी त्या वेळी खाडीचे पाणी फार लक्षपूर्वक पाहत होते.

तेवढ्यात एक वाळके पान वाऱ्यावर आले आणि पिंडावर पडले. थोरला ते काढायला वाकला.

"हात लावू नका!" मी लांबूनच ओरडलो.

पानाने पंख उघडले. सगळे मागे सरले.

"बापूस आला," थोरला पुटपुटला.

"दादा काला होता रं," भाऊ म्हणाला. "ह्यो निला हाय."

मी जाळी उचलून दबकत पिंडाजवळ गेलो. आता भटजींना कंठ फुटला. "अहो मास्तर, पिंडावर जाळी टाकता? आणि कावळे का येत नाहीत ते आत्ता कळलं मला. तुमच्या त्या काठीला भिताहेत ते! लपवा ती. तुम्हीही लपा."

इतका वेळ मी निशाणाच्या काठीसारखा तिथे उभा होतो, आणि पदवीधर असूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी जाळीवर पालथा पडलो. चिखल नाकापर्यंत आला. फुलपाखरू हातभर अंतरावर सोंड भातात खुपसून ताडी पीत होते आणि जरा कलंडल्यासारखे दिसत होते. कावळा शिवून जाईपर्यंत ते टिकले तर ते माझे होते.

कावळा आला. दोन उड्या मारल्या, फुलपाखरू चोचीत धरले आणि गेला. वरून एक पंख गिरक्या घेत खाली आला.

"शिवला!" थोरला ओरडला.

"नाय शिवला, पाखरूच घेतलान!" भाऊ म्हणाला. भटजी डोळे मिटून मंत्र म्हणत होते, त्यांनी काही पाहिले नव्हते. मग सगळे माझ्याकडे वळले. थोरल्याचे डोळे भरले होते. "मास्तर, तुमी शिकलेले. शिवला का नाय?"

मी उठून उभा राहिलो. फुलपाखराचे पाय ओल्या भातात रुतले होते, आणि त्याच्याबरोबर चोचीतून भाताची शितेही गेली, हे मी इतक्या जवळून पाहिले होते. तसे सांगितले.

"मग भात उचलला," भटजींनी निकाल दिला. "म्हातारा तृप्त झाला."

थोरल्याने मला चिखलासकट मिठी मारली. भावाने पंख उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या मास्तर. दादानं थोडा तुमाला ठेवला."

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला साहेबांच्या बंगल्यावर गेलो. ट्रंका बांधून झाल्या होत्या. पंख भिंगाखाली धरून ते लहान मुलासारखे हसले. एका पंखावरूनही ओळख पटत होती. त्यांनी चिठ्ठीवर 'बाळकुम' लिहिले आणि विचारले, "धरले कोणी?"

माझे नाव अगदी जिभेवर होते. पण धरले मी नव्हते. "कावळ्याने," मी म्हणालो.

"कावळा लिहू?"

ते मला पटेना. पिंडाला शिवतो तो कावळा नव्हे, गेलेला माणूस, असे आम्ही मानतो. आणि तो शिवला अशी साक्ष तर मीच देऊन आलो होतो. हे सगळे साहेबांना सांगितले. त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग त्यांनी म्हाताऱ्याचे नाव विचारले. भटजींनी ते इतक्या वेळा उच्चारले होते की मला पाठ झाले होते. साहेबांनी ते सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले.

संध्याकाळी कल्याणला वडील वाट पाहत बसले होते. "पोचलं का आडनाव?"

"पोचलं," मी म्हणालो, "बाळकुमच्या एका म्हाताऱ्याचं." आणि काय घडले ते सांगितले.

वडील म्हणाले, "त्याच्या पोरांना सांगितलंस का?"

मी नाही म्हटले.

"मग जा आणि सांगून ये," ते म्हणाले. "वाट बघत नसतील, म्हणून काय झालं?"