म्हात्रे सरांचा संघ आणि माझा अहवाल

ज्योतीचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. "मॅडम, सर गेले... सकाळी अटॅक आला," एवढंच बोलून ती रडू लागली. कोण सर, हे मला विचारावं लागलं नाही. ज्योतीच्या तोंडी सर म्हणजे एकच, आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे जुने प्रशिक्षक वसंत म्हात्रे. त्याला आता दीड महिना झाला. त्यांच्याविषयी मी पूर्वी एकदा लिहिलं होतं, कॉलेजच्या लेटरहेडवर, दोन पानं. ती मनातून जात नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

सर अंबरनाथजवळच्या गावातले, आगरी शेतकरी घरातले. तरुणपणी एका कारखान्याच्या संघातून खेळले आणि तो कारखाना बंद पडल्यावर आमच्याकडे कंत्राटावर आले. आमचा संघ तेव्हा नावापुरता होता. त्यातल्या चार चांगल्या खेळाडू सरावाला फिरकत नसत, सामन्याच्या दिवशी तेवढ्या उगवत. सरांनी पहिल्याच महिन्यात चौघींना काढलं आणि वर्गावर्गांत फिरून नवीन मुली गोळा केल्या. ज्योती त्यांतलीच. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या दोन खोल्यांतून येणारी, काही विचारलं तर ओढणीआडून पुटपुटणारी. तिने बास्केटबॉल कधी हातातही धरला नव्हता.

दोन वर्षं संघ हरत राहिला. शेवटी प्राचार्यांनी सरांच्या कामाचं मूल्यमापन करायचं ठरवलं आणि ते माझ्याकडे आलं. मी संख्याशास्त्र शिकवते आणि मला खेळातलं काही कळत नाही, म्हणजे मी निःपक्षच असणार! दोन आठवडे मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. सर मुलींना नुसते पाय कसे टाकायचे, धावता धावता कसं थांबायचं, तेच शिकवत होते. "सर, बास्केट कधी मारायचा?" ज्योतीने एकदा वैतागून विचारलं. सर म्हणाले, "आदी थांबायला शिक. बास्केट काय पलून जात नाय."

त्याच पंधरवड्यात मी ज्योतीला भर मैदानात ओरडून बॉल मागताना पाहिलं. पडलेल्या पोरीला हात देऊन उठवताना पाहिलं. पण माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. मी सामने मोजले, पराभव मोजले आणि खाली लिहिलं, 'प्रगती समाधानकारक नाही.' सरांचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

पुढच्याच वर्षी त्याच मुली नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकल्या. ज्योती कर्णधार होती. सर प्रेक्षकांत अगदी मागे बसले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "सर, माझं चुकलं." ते म्हणाले, "तुमी खोटं नाय लिवलं, मॅडम. जरा लवकर लिवलं..." आणि लगेच पोरींच्या घोळक्याकडे बघत हसले. डोळे मात्र भरले होते.

सरांना परत बोलवा, असं प्राचार्यांना सांगायचं मी त्या दिवशी ठरवलं. मग परीक्षा आल्या, प्रवेश आले... चार वर्षं निघून गेली. ते बदलापूरला एका सोसायटीत वॉचमन होते, हे मला त्यांच्या दहाव्याला कळलं.

ज्योती आता नोकरी करते आणि रविवारी सकाळी कॉलेजच्या मुलींना शिकवते. परवा मी गेले, तर दहा-बारा मुली एका ओळीत, वाकून, सावकाश मैदान ओलांडत होत्या. काहीतरी वेचत होत्या. मी विचारलं तेव्हा ज्योती म्हणाली, "खडे, मॅडम. पाय घसरू नये म्हणून सर रोज आमच्या आधी येऊन वेचायचे. आम्हाला किती दिवस माहीतच नव्हतं."

अहवालाच्या त्या दोन आठवड्यांत मी कधीच वेळेच्या आधी पोहोचले नव्हते.

पर्स कठड्यावर ठेवली आणि ओळीच्या टोकाला जाऊन मीही वाकले.